त्या घरी कशा गेल्या?

चित्रपट संपला, पडद्यावर शेवटची इंग्रजी अक्षरे येऊन गेली, तरी सिस्टरकाकूंनी चष्मा उतरवला नाही. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर, जुन्या दिवाळी अंकांच्या चळतीला माझा लॅपटॉप टेकवून आम्ही दोघी बसलो होतो. खाली मंडईकडे वळणाऱ्या रिक्षांचा गलका वाढला होता, समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळलेले कपडे काढत होते, आणि मी दर गुरुवारी येते म्हणून काकूंनी लावलेल्या थालीपिठांचा वास अजून खोलीत रेंगाळत होता. काकू म्हणाल्या, “बाकी सगळं समजलं मला. पण त्या पाच जणी घरी कशा गेल्या?” मी हसले. “अहो काकू, सिनेमा संपला ना तिथे,” असे म्हणून मी लॅपटॉप मिटला, ताटल्या उचलल्या आणि त्यांच्या गुडघ्याच्या औषधांचा विषय काढला. त्यांनी पुन्हा विचारले नाही. मी मात्र कोथरूडला परतताना कर्वे रस्त्यावरच्या प्रत्येक सिग्नलला तो प्रश्न नव्याने ऐकत होते आणि दर वेळी माझे ते हसणे मला अधिकच लागत होते. शहाऐंशी वर्षांच्या बाईने विचारलेला प्रश्न भाबडाच असणार, हे मी किती सहज गृहीत धरले होते.

‘सिस्टरकाकू’ हे नाव आम्हा वाड्यातल्या मुलांनी पाडलेले. काकू एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या, त्यांचे यजमान फार लवकर गेले होते, आणि माडीवरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. वाडा पुढे पाडला गेला, त्या जागी इमारत उभी राहिली, आम्ही कोथरूडला गेलो आणि काकू तिथेच राहिल्या. इंग्रजी चित्रपटांची गोडी त्यांना बरोबरच्या ख्रिस्ती परिचारिकांनी लावली होती. रात्रपाळी संपवून यायचे, दोन-तीन तास डोळा लावायचा आणि दुपारच्या खेळाला अलकाला नाही तर कॅम्पात वेस्ट एंडला जायचे, हा त्यांचा महिन्या-दोन महिन्यांचा रिवाज होता. इस्त्रीची पांढरी साडी, हातात छोटी पर्स, अंगाला डेटॉलचा पुसट वास. एकटी बाई दुपारी सिनेमाला जाते यावर वाड्यात दबक्या आवाजात पुष्कळ बोलले जाई, आणि काकूंना ते ठाऊक होते हे मला फार उशिरा कळले.

मी त्यांना दाखवलेला चित्रपट १९३७ सालचा ‘मार्क्ड वुमन’. न्यूयॉर्कमधला एक टोळीप्रमुख एक नाइट क्लब ताब्यात घेतो आणि तिथे काम करणाऱ्या पाच जणी आपोआप त्याच्या हुकमतीखाली येतात. त्यांनी गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, त्यांना दारू पाजायची, जुगाराच्या टेबलापर्यंत न्यायचे आणि मिळकतीतला वाटा मालकाला द्यायचा. बेटी डेव्हिसने साकारलेली मेरी ही त्यांतली सर्वांत तल्लख. धाकट्या बहिणीचे शिक्षण व्हावे म्हणून ती हे करते आणि बहिणीला त्याचा सुगावा लागू देत नाही. एका गिऱ्हाइकाचा खून होतो, सरकारी वकील तिच्या भरवशावर खटला उभा करतो आणि ती ऐन वेळी टोळीच्या बाजूने खोटे बोलून त्याला तोंडघशी पाडते. हा वकील म्हणजे हम्फ्री बोगार्ट. तो इथे इतका सरळमार्गी आहे की मला थोडा लाकडीच वाटतो. काकूंना मात्र तो आवडला, ‘नीट भांग पाडलेला मुलगा’ म्हणून. खरा धाक आहे तो टोळीप्रमुखाच्या भूमिकेतल्या एदुआर्दो चियानेल्लीचा. पुढे ती बहीणच जिवानिशी जाते, मेरी बोलायचे ठरवते, आणि तिला बंद दाराआड मारहाण होते. मार आपल्याला दिसत नाही. दाराबाहेर थांबलेल्या तिच्या मैत्रिणींचे चेहरे दिसतात. तिच्या गालावर कायमची खूण उमटवली जाते. त्यानंतर मात्र पाचही जणी साक्षीला उभ्या राहतात आणि टोळीप्रमुखाला शिक्षा होते.

मग शेवटची दोन-तीन मिनिटे येतात. वकिलाभोवती वार्ताहर आणि छायाचित्रकार गोळा होतात, त्याच्या उज्ज्वल भवितव्याची चर्चा सुरू होते. त्याआधी तो मेरीशी चार शब्द बोललेला असतो, पण दोघांनाही ठाऊक असते की त्यांच्या वाटा एका गावाला जात नाहीत. पाच जणी हातात हात गुंफून रस्त्यावर येतात आणि चालत चालत धुक्यात नाहीशा होतात. त्यांच्या मागे कोणी जात नाही, कॅमेराही नाही. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा या शेवटावर निहायत खूश झाले होते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत होणाऱ्या रसग्रहण वर्गात जे शिकले, ते सगळे मला त्या धुक्याला लावता आले होते: करडे-काळे तपशील, वकिलाकडचा उजेड आणि बायकांकडचा अंधार, वगैरे. धुक्यापलीकडे काय आहे हे विचारण्याचे मला सुचले नव्हते.

काकूंनी मध्येच एकदा चित्रपट थांबवायला लावला होता. मेरी रुग्णालयात पडलेली आहे, तोंड सुजलेले, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या. काकू पुढे झुकल्या. “ही पट्टी खरी आहे,” त्या म्हणाल्या. मला वाटले, त्या चांगल्या अभिनयाला दाद देत आहेत. पण त्यांचे बोट पडद्यावर, पट्टीच्या कडेवर होते. गालावरची जखम असली की पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर आवळावी लागते, नाही तर रुग्णाने तोंड उघडताच ती सरकते. सिनेमातल्या पट्ट्या नेहमी कपाळाला बांधलेल्या रिबिनीसारख्या असतात, ही कोणीतरी हात बसलेल्या माणसाने बांधली आहे, असा त्यांचा निर्वाळा. मी थक्क झाले, कारण ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेली आहे. स्टुडिओच्या रंगभूषाकारांनी डेव्हिसला नीटनेटकी, शोभेशी पट्टी बांधली होती. ती तशीच उठून आपल्या डॉक्टरकडे गेली, अशी मारहाण झालेल्या बाईला तुम्ही जशा पट्ट्या बांधाल तशा मला बांधा असे सांगितले, आणि तशीच चित्रीकरणाला येऊन उभी राहिली. हे मी काकूंना सांगितले तेव्हा त्या फक्त “शहाणी होती” एवढेच म्हणाल्या.

या शहाण्या बाईबद्दल आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगायची विसरले. १९३६ साली ती वॉर्नर ब्रदर्सच्या करारातून सुटण्यासाठी लंडनच्या न्यायालयात लढली होती आणि हरली होती. ज्या कंपनीविरुद्ध भांडली तिच्याच दारात ती परत आली, आणि परतल्यावर केलेला पहिला चित्रपट हा. न्यायालयातून बाहेर पडून पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको होते.

पट्टीनंतर काकू थोडा वेळ बोलत होत्या. चित्रपटात मेरीची बहीण टोळीप्रमुखाचा तडाखा बसून जिन्यावरून कोसळते. काकू म्हणाल्या, “आमच्याकडेही तसंच लिहायचे. जिन्यावरून पडली.” त्यांच्या रात्रपाळीत बुधवार पेठेतून आणलेल्या बायका असत. कोणाचा हात मोडलेला, कोणाची भुवई फुटलेली, कोणाच्या पाठीवर आडव्या निळ्या रेघा. बरोबर मालकीण असे, किंवा भाऊ म्हणवणारा एखादा माणूस असे, आणि कागदावर कारण एकच लिहिले जाई. पाठीवर पट्ट्याचे वळ उठवणारा जिना काकूंनी कधी पाहिला नव्हता. तरी त्यांनीही ती नोंद कित्येकदा आपल्या हाताने केली होती, हे त्यांनी मला तितक्याच सरळ सांगितले. “काय करणार? बाई स्वतःच म्हणायची जिन्यावरून पडले म्हणून. तिला परत त्याच जिन्यानं वर जायचं असायचं.”

बुधवार पेठ हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला जात नसे, आणि तरीही ती पेठ आमच्या वर्षाच्या चक्रात होती. जून उजाडला की आई मला घेऊन अप्पा बळवंत चौकात जाई. नव्या पुस्तकांच्या शाईचा वास, खाकी कागदाचे गुंडाळे, पावसाने भिजलेल्या पोत्यांचा कुबट दर्प आणि दुकानदारांच्या पुढ्यात यादी नाचवणारे पालक यांची ती गर्दी मला अतोनात आवडे. परतताना दगडूशेठ गणपतीला हात जोडायचे आणि मंडईवरून घरी यायचे. या वाटेवर एक टप्पा असा होता की तिथे आई माझे मनगट घट्ट धरी आणि तिची चाल वाढे. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या असत. केसांत अबोलीचे गजरे, तोंडाला पांढुरकी पावडर, आणि भर दुपारी इतक्या शांतपणे कोण उभे राहते असे वाटायला लावणारे ते उभे राहणे. सातवीची पुस्तके घेऊन येताना त्यांतल्या एकीने मला विचारले होते, “कितवीत गं?” प्रश्न आमच्या नात्यातली कोणतीही बाई विचारते तसाच होता. आईने मला ओढले. मी उत्तर दिले नाही, आणि ‘सातवीत’ हा चार अक्षरांचा शब्द तोंडात तसाच राहिला. तो अजूनही कधीकधी जिभेवर येतो.

त्या बायका काय करतात हे सांगणारा शब्द आमच्याकडे नव्हता. ‘तसल्या’ म्हटले की पुरे. गंमत म्हणजे हॉलिवूडकडेही तो नव्हता. १९३४पासून तिथे निर्मितीसंहिता कडकपणे लागू झाली होती आणि वेश्याव्यवसाय पडद्यावर उघड दाखवणे शक्य नव्हते, म्हणून मेरी आणि तिच्या मैत्रिणी नाइट क्लबच्या ‘होस्टेस’ झाल्या. प्रेक्षकांना काय समजायचे ते समजले. काकूंनाही पहिल्या दहा मिनिटांत समजले. एवढी मोठी चित्रसृष्टी आणि आमचे दोन खोल्यांचे घर एकाच युक्तीने चालत होते, याचे मला हसूही येते आणि फारसे हसवतही नाही.

मी सातवीत गेले त्याच, १९८३च्या पावसाळ्यात काकूंना समन्स आले. एका रात्री आणलेल्या बाईची नोंद नेहमीप्रमाणे जिन्यावरून पडल्याची झाली होती. तीन दिवसांनी ती गेली. पण दुसऱ्या रात्री, काकू तिच्या ओठांना ओला कापूस लावत असताना, तिने एक नाव घेतले आणि काय झाले ते सांगितले. त्या भागातल्या एका दादाचे ते नाव होते. पेठेत गणपतीच्या दिवसांत त्याच्या नावाच्या कमानी लागत. काकू गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळले नसते. पोलीस चौकशीला आले तेव्हा त्यांनी ऐकले ते सांगितले, जबाबावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या कामावर गेल्या. साक्षीच्या दिवशी आरोपीच्या वकिलाने त्यांना उलटतपासणीत काय काय विचारले, त्यातले थोडेच माझ्या कानावर आले आहे. आपण एकट्या राहता का, रात्री कामाला जाता का, दुपारी सिनेमाला जाता का, आणि अशा बायकांशी आपला इतका घरोबा कसा. दुपारच्या सिनेमाची बातमी त्याच्यापर्यंत कोणी पोचवली असेल, हा प्रश्न वाड्यात कोणी कोणाला विचारला नाही. दादा सुटला. एका बाईच्या ऐकीव शब्दांवर खटला टिकला नाही, आणि त्या शब्दांची नोंद रुग्णालयाच्या कागदांत कुठेच नव्हती; तिथे जिनाच होता.

माझे वडील भले गृहस्थ होते. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे लिहिताना हात अडखळतो. समन्स आल्याचे कळले तेव्हा त्यांनी माडीवर जाऊन काकूंना समजावले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मी त्यांच्या तोंडून त्या आठवड्यात चार-पाच वेळा ऐकली. काकू ऐकेनात, तेव्हा साक्षीच्या दिवशी त्यांनी काकूंना स्कूटरवरून शिवाजीनगरला नेले. पण न्यायालयाच्या फाटकाअलीकडच्या कोपऱ्यावर सोडले आणि तिथूनच ते ऑफिसला गेले. आत गेले नाहीत, संध्याकाळी आणायलाही गेले नाहीत. ‘ओळखीचं कोणी पाहिलं असतं’, असे ते रात्री आईला हळूच म्हणाले. त्या दिवसानंतर आईने मला काही आठवडे माडीवर जाऊ दिले नाही. वाड्यात मुलीबाळी आहेत, असे सांगून वाड्याचा दिंडी दरवाजा रात्री नऊलाच लागू लागला, आणि दुसरी पाळी संपवून दहाला येणाऱ्या काकूंना रस्त्यावर उभे राहून कडी वाजवावी लागे. कोणी लगेच उठत नसे. उठत ते माझे वडील. मी अंथरुणात जागी असे. कडीचा आवाज, वडिलांच्या चपलांची फरफर, दिंडीचा करकर आणि दोघांपैकी कोणीही एक शब्द न बोलता पुन्हा लागलेला अडसर. ते वर्षभर उठत राहिले. त्यांना माफ करायचे की नाही, हे ठरवायला निघाले की मला तो करकर ऐकू येतो आणि काहीच ठरत नाही.

त्या धुक्यात आमचा वाडा होता.

चित्रपटामागचा खरा खटला लकी लुचियानो या न्यूयॉर्कच्या टोळीप्रमुखाचा. न्यूयॉर्कचे विशेष सरकारी वकील टॉमस ड्युई यांच्या चमूत युनिस कार्टर नावाच्या वकील होत्या, चमूतल्या एकमेव स्त्री आणि एकमेव कृष्णवर्णीय. वेश्याव्यवसायाच्या किरकोळ खटल्यांत तेच ते वकील आणि तेच ते जामीनदार पुन्हा पुन्हा उभे राहतात, म्हणजे यामागे एखादी टोळी असली पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. चित्रपटात त्यांना जागा मिळालेली नाही. सगळी हुशारी बोगार्टच्या वाट्याला गेली आहे. १९३६च्या फेब्रुवारीत एका रात्री शहरभर कुंटणखान्यांवर छापे पडले, पकडलेल्या बायकांना साक्षीदार म्हणून कोठडीत ठेवले गेले, आणि जूनमध्ये त्यांच्या साक्षींवर लुचियानोला तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा झाली. ड्युई पुढे न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले, १९४४ आणि १९४८ साली अध्यक्षपदासाठी उभे राहून हरले. १९४६ साली याच ड्युईंनी गव्हर्नर या नात्याने लुचियानोची शिक्षा कमी केली आणि त्याची इटलीला पाठवणी झाली. म्हणजे वकील कुठे गेला ते ठाऊक आहे, टोळीप्रमुख कुठे गेला तेही ठाऊक आहे. बायकांपैकी काही मोजक्या जणींचा माग सापडतो तो निराळ्याच कारणाने. खटल्यानंतर वर्षभरातच त्यांतल्या काहींनी आपली साक्ष खोटी होती असे लिहून दिले. न्यायालयाने ते मानले नाही.

साक्ष फिरवणाऱ्याला मराठी वर्तमानपत्रे ‘फितूर’ म्हणतात. साक्षीदार फितूर, आरोपी निर्दोष, असा मथळा आपण इतक्या वेळा वाचला आहे की त्या शब्दाकडे लक्षही जात नाही. फितुरी आपल्याला चौथीच्या इतिहासापासून माहीत असते: रात्रीच्या वेळी गडाचा दरवाजा आतून उघडणारा तो फितूर. त्याला मोहरा मिळालेल्या असतात. साक्षीच्या पिंजऱ्यात गप्प झालेल्या बाईलाही आपण तोच शब्द देतो, जणू तिच्या ताब्यात एखादा गड होता आणि तिने तो विकला. न्यूयॉर्कच्या त्या बायकांनी साक्ष का फिरवली, पैशासाठी, भीतीने, की पहिली साक्षच दबावाखाली दिली होती म्हणून, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलले जाते. मला इतकेच दिसते की त्या ज्या रस्त्याने घरी गेल्या त्याच रस्त्याने कोणीतरी त्यांच्या घरापर्यंत पोचले असणार. आपल्याकडे डिसेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. तिच्यात संरक्षणाचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत साक्षीच्या दिवशी न्यायालयात नेण्या-आणण्यासाठी सोबत आणि सरकारी वाहन हाही एक आहे. सरकारी भाषेतले ते रुक्ष कलम मी त्या आठवड्यात दोनदा वाचले. काकूंचा प्रश्न कोणीतरी, फार उशिरा का होईना, लिहून ठेवला होता.

आपल्या टोळीपटांत हा प्रश्न उद्भवतच नाही. ‘सत्या’मधली भिकू म्हात्रेची बायको काय किंवा ‘वास्तव’मधली आई काय, या बायका मला मेरीपेक्षा कितीतरी जवळच्या वाटतात, त्यांचे बोलणे, त्यांचे स्वयंपाकघर, त्यांचा संताप ओळखीचा आहे. पण त्या घरात आहेत. दादा घरी येतो किंवा येत नाही, एवढ्यावर त्यांची गोष्ट उभी राहते. रीमा लागू अखेर मुलाच्या विनवणीवरून त्याच्यावर गोळी झाडतात तो प्रसंग मी आजही सरळ पाहू शकत नाही, आणि तरी मला वाटते की पिंजऱ्यात उभे राहून, चेहऱ्यावरची खूण लोकांना दिसू देऊन, चार वाक्ये बोलणे हे त्याहून अवघड असले पाहिजे. निदान त्यानंतर चालत जायचे असेल तर.

पुढच्या गुरुवारी मी लॅपटॉप नेलाच नाही. काकू गॅलरीत पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर घेवड्याच्या शेंगा होत्या. मीही मूठभर शेंगा घेतल्या आणि थोड्या वेळाने विचारले, “काकू, त्या दिवशी तुम्ही कोर्टातून घरी कशा आलात?” त्या गडबडल्या नाहीत. बेचाळीस वर्षांत हे कोणी विचारले नव्हते, एवढेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

“चालत,” त्या म्हणाल्या. पीएमटीच्या थांब्यावर त्या उभ्या होत्या. बस आली तेव्हा दादाची दोन माणसे आधी चढली आणि पायरीवर उभी राहून त्यांच्याकडे बघू लागली. काकूंनी ती बस सोडली. दुसऱ्या बसलाही तेच झाले, दुसरी दोन माणसे. मग त्यांनी चालायला सुरुवात केली. महापालिकेवरून नव्या पुलावर आल्या तेव्हा मागून चपलांचा आवाज येऊ लागला आणि त्यांच्या पोटात गोळा आला. मागे त्या गल्लीतल्या दोघी जणी होत्या. दिवसभर त्या न्यायालयात मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, हे काकूंनी पाहिले होते. एक म्हणाली, सिस्टर, आम्ही चालतो बरोबर. पूल, शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ. एक उजवीकडे, एक डावीकडे. पाऊस भुरभुरत होता आणि तिघींत एकच छत्री होती, ती त्या दोघींनी काकूंवर धरली. आपल्या गल्लीचे तोंड आले तरी त्या वळल्या नाहीत.

“मंडईपर्यंत आल्या. पुढे येईनात. म्हणाल्या, तुमच्या वाड्यापर्यंत आलो तर तुम्हालाच बोल लागेल.” काकूंनी शेंगेची शीर ओढून काढली. “वाड्यात शिरताना हातात काहीतरी असावं म्हणून मी मेथी घ्यायला थांबले. इतका उशीर कुठे झाला म्हणून कोणी विचारलं असतं ना. तुमच्याकडेही दिली होती वाटीभर भाजी.”

ती भाजी मला आठवत नव्हती.

“आणि मग?” मी विचारले.

“मग काय? मी पोचले गं. माझं काय विचारतेस?” काकू जरा चिडूनच म्हणाल्या. “त्या दोघी परत जाणार त्याच रस्त्यानं, आणि त्यांना माझ्याबरोबर चालताना सगळ्यांनी पाहिलेलं. मी जुडी निवडून घेत बसले होते. मागं वळून पाहिलं, तर नुसती गर्दी.”